विजेची वाट कोठें अडली ?
एका जुन्या मोटारीवरून घेतलेला पाठ



रस्त्यांत मोटारगाडी बंद पडली म्हणजे तिच्याभोंवतीं जमलेल्या मंडळींत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली", दुसरा म्हणतो, "कॉइल बदला." दोघांपैकीं कोणीहि कांहीं मोजून पाहिलेलें नसतें. नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्यासारखा हा प्रकार आहे. विजेचा दोष डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून ती लहरी आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वीज मुळींच लहरी नाहीं. ती ठरलेल्या नियमानें चालते, आणि तिला नीट प्रश्न विचारला असतां खरें तेंच उत्तर देते. हा प्रश्न कसा विचारावा, तें एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीच्या उदाहरणानें आज पाहूं.

गाडीची ओळख

इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचा मोटारींचा व्यवसाय होता. त्याच्या आद्याक्षरांवरून 'एम्. जी.' हें नांव पडलें. इ. स. १९२९ पासून १९८० पर्यंत या गाड्या ऑक्सफर्डच्या दक्षिणेस असलेल्या ॲबिंग्डन गांवीं तयार होत असत. त्यांपैकीं 'एम्. जी. बी.' ही गाडी १९६२ सालीं निघाली व १९८० पर्यंत चालू राहिली. मूळची उघडी व नंतरची बंद टपाची अशा दोन्ही प्रकारच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. म्हणूनच आजहि अनेक देशांत हौशी लोक त्या जतन करून चालवितात.

आपल्याकडील वाचकांस ही गाडी अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं. २०१४ पर्यंत आपल्या देशांत तयार होणारी ॲम्बॅसडर ही मूळच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचीच भारतीय आवृत्ति होती. तिच्यांत अनेक वर्षें बसविलेलें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि एम्. जी. बी. चें १७९८ घन सेंटिमीटरचें इंजिन हीं एकाच घराण्यांतलीं. एम्. जी. बी. चें विजेचें सामान बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीचें असे. त्याच कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं मद्रास येथें ल्यूकस-टी. व्ही. एस्. हा कारखाना निघाला. तेव्हां येथें सांगितलेली तपासणीची रीत एखाद्या काकांच्या अंगणांत उभ्या असलेल्या जुन्या गाडीसहि उपयोगीं पडेल.

ल्यूकस कंपनीचें नांव काढलें कीं जुन्या गाड्यांचे शौकीन हंसतात व तिला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात, कारण या गाड्यांचे दिवे वाटेंत मालवतात अशी त्यांची ख्याति आहे. विनोद म्हणून हें ठीक आहे. पण विनोदानें दोष सांपडत नाहीं. पन्नास-साठ वर्षांच्या गाडींत तांब्याची तार बहुधा शाबूतच असते. बिघडतात ते तारांचे सांधे. या गाडींत तारांचीं टोकें बंदुकीच्या गोळीच्या आकाराचीं असून तीं धातूच्या लहान नळींत दोन्ही बाजूंनीं खुपसलेलीं असतात. पावसाचें पाणी, धूळ व गंज त्या नळींत शिरतात, आणि त्यांत भर म्हणून पूर्वींच्या दहा मालकांनीं केलेलीं दहा प्रकारचीं ठिगळें असतात.

जाण्याची वाट आणि परतीची वाट

विजेचा पहिला नियम तुम्हांस ठाऊक आहेच. प्रवाह वाहण्यास पूर्ण वाट लागते : बॅटरींतून निघून दिव्यापर्यंत, आणि दिव्यापासून पुनः बॅटरीपर्यंत. मोटारींत जाण्याची वाट तारेची असते; परंतु परतीसाठीं बहुतेक ठिकाणीं वेगळी लांब तार नसते. गाडीचा लोखंडी पत्रा हीच परतीची वाट. बॅटरीचें एक टर्मिनल जाड पट्ट्यानें पत्र्यास जोडलेलें असतें, व प्रत्येक दिवा, पंप अथवा मोटर आपल्या जागीं त्याच पत्र्यास जोडलेली असते. या जोडणीस 'अर्थ' म्हणतात.

लोक तपासणी करतांना जाण्याची वाट पाहतात, कारण ती रंगीत तारांच्या रूपानें दिसते. परतीची वाट दिसत नाहीं, म्हणून तिचा विसर पडतो. जुन्या गाडींतील चमत्कारिक वाटणारे बहुतेक दोष याच विसरलेल्या वाटेवर दडलेले असतात, ही गोष्ट मनांत पक्की धरून ठेवा.

येथें एक इशारा आवश्यक आहे. १९६७ पर्यंतच्या एम्. जी. बी. मध्यें बॅटरीचें धन टर्मिनल पत्र्यास जोडलेलें असे. त्यानंतरच्या गाड्यांत ऋण टर्मिनल जोडूं लागले व डायनॅमोच्या जागीं आल्टरनेटर आला. मधल्या काळांत एखाद्या मालकानें जुनी जोडणी उलटविलेलीहि असूं शकते. म्हणून पुस्तकावर विसंबून न राहतां प्रत्यक्ष गाडी पाहून मगच कामास लागावें. आल्टरनेटर असलेल्या गाडीस बॅटरी उलटी जोडली तर त्यांतील नाजूक भाग क्षणांत जळतात.

रंगांची भाषा

या गाडींतील तारांचे रंग शोभेसाठीं नाहींत. ती एक भाषा आहे. तपकिरी तार बॅटरीकडून थेट येते. तिच्यांत वीज सदैव असते व तिला फ्यूजचें संरक्षण नसतें. तीच वीज फ्यूजमधून पुढें गेली कीं तार जांभळी होते; हॉर्न तिच्यावर चालतो. किल्ली फिरविल्यावर जी जिवंत होते ती पांढरी; कॉइल व इंधनाचा पंप यांना ती वीज पुरविते. पांढरीची वीज फ्यूजमधून गेली कीं तार हिरवी होते. वायपर, ब्रेकचे दिवे, वळण दाखविणारे दिवे, इंधनाचा कांटा हीं सर्व हिरवीचीं लेंकरें. तांबडी तार बाजूच्या व मागच्या दिव्यांची, निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, आणि काळी परतीची. एका रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती त्या घराण्यांतील शाखा समजावी. हिरव्यावर जांभळी रेघ ब्रेकच्या दिव्याची, हिरव्यावर तांबडी डाव्या वळणाची, तर हिरव्यावर पांढरी उजव्या वळणाची.

ही भाषा येत असली म्हणजे पुष्कळ शोध हात न लावतांच होतो. वायपर, ब्रेकचे दिवे आणि इंधनाचा कांटा हीं तिन्ही एकदम बंद पडलीं तर तीन निरनिराळे दोष एकाच दिवशीं झाले असें समजणें वेडेपणाचें होय. तिघांचें मूळ एकच, हिरवी तार. तेव्हां प्रथम तिच्या फ्यूजकडे पाहावें. उलट, तिघांपैकीं एकटा वायपर बंद असेल, तर फ्यूज निर्दोष आहे हें उघड झालें.

ओहमचा नियम रस्त्यावर

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं मांडलेला नियम तुम्हीं वर्गांत पाठ केला आहे : दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. तोच नियम आतां रात्रीच्या रस्त्यावर नेऊं. पुढचा एक मोठा दिवा ६० वॅटचा धरा. १२ व्होल्टच्या दाबावर त्यास ५ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे दोन दिव्यांस १० अँपिअर. आतां स्विच, गंजलेले सांधे व सैल अर्थ यांचा मिळून रोध अवघा ०·२ ओहम आहे असें समजा. १० गुणिले ०·२, म्हणजे ढोबळ हिशेबानें २ व्होल्ट वाटेंतच खर्च झाले, व दिव्यास १० व्होल्टच मिळाले. दिव्याचा प्रकाश दाबापेक्षां पुष्कळ वेगानें घटतो. १२ च्या जागीं १० व्होल्ट मिळाले तर तो जवळजवळ निम्मा होतो. शिवाय वाटेंत खर्च झालेले ते २ व्होल्ट नाहींसे होत नाहींत. त्यांची सुमारें २० वॅट उष्णता बनते व ती त्या सांध्यांतच राहते. अंधारांत समोरचा पादचारी न दिसणें आणि स्विचचें आवरण वितळणें, हीं दोन्ही संकटें या एका लहान अंकांतून निघतात.

यावरून तपासणीची एक महत्त्वाची रीत निघते. ०·२ ओहम एवढा रोध साध्या मीटरनें नीट मोजतां येत नाहीं. तसेंच दिवा काढून ठेवून तारेच्या टोकाशीं दाब मोजला, तर गंजलेल्या सांध्यांतूनहि पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. कारण प्रवाह नाहीं तेथें दाबाची गळतीहि नाहीं. नवशिका "तार चांगली आहे" म्हणतो व फसतो. म्हणून दिवा पेटलेला असतांनाच मोजावें. मीटरचें एक टोक बॅटरीच्या जिवंत टर्मिनलवर व दुसरें दिव्याच्या जिवंत टोकावर ठेवा. जो आंकडा दिसेल तो जाण्याच्या वाटेवरचा तोटा. मग एक टोक दिव्याच्या अर्थवर व दुसरें बॅटरीच्या अर्थ-टर्मिनलवर ठेवा. तो परतीच्या वाटेवरचा तोटा. ज्या बाजूस तोटा अधिक त्या बाजूची वाट अर्धी करून पुनः मोजा. असें तीन-चार वेळां केलें कीं दोषी सांधा आपोआप हातीं लागतो.

तीन रोग्यांची तपासणी

पहिला रोगी. किल्ली फिरविली कीं 'टक्' असा आवाज होतो, पण इंजिन फिरत नाहीं. एम्. जी. बी. च्या जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बैठकींच्या मागें, खालच्या बाजूस असतात व त्या एकापुढें एक जोडलेल्या असतात. म्हणून प्रथम त्यांच्या टर्मिनलांची व मधल्या जोडतारेची स्वच्छता पाहावी. नंतर एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें त्याच वेळीं बॅटरीच्या अर्थ-टर्मिनलपासून इंजिनच्या धातूपर्यंत मीटर लावावा. कांटा अर्ध्या व्होल्टच्या आंत राहिला तर परतीची वाट ठीक. तीन-चार व्होल्ट दाखवूं लागला तर अडथळा तेथेंच. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेलें असल्यानें त्यास पत्र्याशीं जोडणारा एक वेणीसारखा पट्टा असतो. तो तुटला किंवा गंजला तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो, व चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेंतून वाहूं लागतो. ती तार तापून धूर निघूं शकतो. अशा वेळीं चोकची तार बदलणारा मनुष्य साक्षीदारास शिक्षा देतो व चोरास मोकळा सोडतो.

दुसरा रोगी. गाडी चालतां चालतां थांबली. किल्ली फिरविली असतां मागच्या बाजूनें इंधनाच्या पंपाचा 'टक् टक्' असा आवाज यावयास पाहिजे, तो येत नाहीं. एका बल्बला दोन तारा जोडून केलेला तपासणीचा दिवा घ्या. त्याचें एक टोक पंपाच्या पांढऱ्या तारेस व दुसरें स्वच्छ पत्र्यास लावा. दिवा लागला नाहीं तर दोष मागें, किल्लीच्या बाजूस आहे. झगझगीत लागला तर जाण्याची वाट उत्तम आहे. मग पंपाच्या अंगापासून पत्र्यापर्यंत एक सुटी तार धरा. पंप वाजूं लागला तर अर्थ सैल होती. तरीहि गप्प राहिला, तरच दोष पंपांत. दोन प्रश्नांत तीन शक्यतांपैकीं खरी कोणती तें कळलें, व नव्या पंपाची किंमत वांचली.

तिसरा रोगी सर्वांत गमतीचा. ब्रेक दाबला कीं वळणाचा दिवा मंद पेटतो, आणि वळणाचा दिवा लावला कीं मागचा तांबडा दिवा लुकलुकतो. पाहणारा म्हणतो, तारांची अदलाबदल झाली असावी, आणि सर्व तारा उसकटूं लागतो. वास्तविक तारा जागच्या जागींच असतात. मागच्या दिव्यांच्या एकाच घरांत ब्रेक, वळण व मागचा तांबडा अशा तिन्ही दिव्यांची परतीची वाट समाईक असते. ती गंजानें बंद झाली कीं ब्रेकचा प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेंतून उलटा शिरतो, आणि दूरच्या एखाद्या दिव्यामार्गें पत्रा गांठतो. घराचा दरवाजा बंद असला म्हणजे शेजाऱ्याच्या घरांतून वाट काढावी, तसेंच हें. दिव्याचें घर काढून पत्र्याशीं त्याचा स्पर्श होतो ती जागा चकचकीत घांसली कीं सर्व दिवे शहाण्यासारखे वागूं लागतात.

फ्यूज हा वैरी नव्हे

आतां या लेखांतील सर्वांत गंभीर गोष्ट. फ्यूज जळाला म्हणजे त्यानें आपलें कर्तव्य केलें. तो पुनः पुन्हां जळतो म्हणून त्याच्या जागीं जाड तार किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे चोर आल्याची सूचना देणाऱ्या कुत्र्यास मारून निजण्यासारखें आहे. फ्यूज जळला नाहीं तर तार जळेल, आणि एक तार जळली कीं तिच्याबरोबर एकाच वेष्टनांत बांधलेल्या सर्व तारा जळतील. या गाडींत पुढच्या मोठ्या दिव्यांच्या व कॉइलच्या वाटेवर मूळचा फ्यूजच नाहीं, म्हणून तेथें तर अधिकच जपावें लागतें.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. ल्यूकसच्या जुन्या फ्यूजवरील '३५' हा आंकडा तो जळण्याचा आहे. सतत वाहण्याची त्याची मर्यादा सुमारें १७ अँपिअर. इतर पुष्कळ फ्यूजवर सतत वाहण्याचा आंकडा लिहिलेला असतो. तसला ३५ चा फ्यूज येथें घातला, तर तारेवर दुप्पट भार पडेपर्यंत तो स्वस्थ बसेल.

मग जळणाऱ्या फ्यूजचें कारण कसें शोधावें ? फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्यें तपासणीचा दिवा लावा. वाटेंत कोठें उघडी तार पत्र्यास लागली असेल तर तो पूर्ण तेजानें पेटेल. आतां त्या फ्यूजवरचीं उपकरणें एकेक करून सोडवीत जा. ज्याची जोडणी सोडतांच दिवा मंद होईल किंवा विझेल, त्या शाखेंत दोष आहे. नवे फ्यूज एकामागून एक जाळण्याची गरज पडत नाहीं.

उभ्या गाडीची बॅटरी रिकामी होत असेल तर तिची तपासणीहि अशीच करावी. सर्व कांहीं बंद करून, बॅटरीचा अर्थ-पट्टा सोडून, मधें प्रवाह मोजणारा मीटर घालावा; मात्र तो लावलेला असतांना स्टार्टर कधींहि फिरवूं नये. सामानाच्या कप्प्यांत ५ वॅटचा एक बल्ब जळत राहिला तरी तो सुमारें ०·४ अँपिअर घेतो, व ५० अँपिअर-तासांची बॅटरी पांच दिवसांत कोरडी करतो.

सावधगिरी

बॅटरी सोडतांना अर्थचें टर्मिनल प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. असें केलें म्हणजे दुसरें टर्मिनल सोडतांना पाना पत्र्यास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. हातांतील अंगठी व धातूचें घड्याळ काढून ठेवावें. १२ व्होल्टचा झटका बसत नसला, तरी बॅटरीचा शेंकडों अँपिअरचा प्रवाह अंगठी क्षणांत लाल करतो. बॅटरी भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. तेथें काडी ओढूं नये. पेट्रोलचा वास येत असेल तर वास नाहींसा होईपर्यंत विजेच्या कोणत्याहि कामास हात घालूं नये. स्पार्क प्लगच्या जाड तारांत हजारों व्होल्टचा दाब असतो. इंजिन चालू असतां त्यांना शिवूं नये.

घरीं करण्याचा प्रयोग

मोटार नसली तरी हा पाठ शिकतां येतो. टॉर्चचे दोन सेल, जुन्या पद्धतीचा तारेचा एक लहान बल्ब, तारेचे तुकडे व एक गंजका खिळा घ्या. प्रथम खिळ्यावांचून बल्ब लावा. मग परतीच्या वाटेंत तो खिळा घाला; गंजावर तार नुसती टेंकवा व प्रकाश पाहा. नंतर खिळा पॉलिशपेपरनें घांसून पुनः पाहा. शाळेंतील मीटर मिळाला तर दोन्ही वेळां खिळ्याच्या दोन टोकांमधील दाब मोजून वहींत लिहा. घरांतील भिंतीच्या विजेवर किंवा मोटारीच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग कोणीहि करूं नये.

पालकांसहि एक विनंति आहे. गाडी दुरुस्तीस दिली व "अमुक भाग बदलावा लागेल" असें उत्तर आलें, तर मिस्त्रीस आदरानें एवढेंच विचारावें, "आपण मोजून पाहिलें काय ? आंकडा किती आला ?" चांगल्या कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाहीं, त्याला आंकडा सांगतां येतो. आणि मुलांनो, तुमच्यापैकीं जे पुढें या धंद्यांत शिरतील, त्यांनीं गिऱ्हाइकानें विचारण्यापूर्वींच तो आंकडा सांगावा. जो दोष सांपडला नाहीं तो झांकून ठेवलेली गाडी दिवसा चालते. पण तिची परीक्षा रात्रीं, पावसांत, घरापासून दूर होते, आणि त्या वेळीं तिच्यांत कोणाचें तरी कुटुंब बसलेलें असतें.